नळीतल्या गर्भानंतर पुन्हा दिवस जातात तेव्हा…

पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तरी तीन महिने भरेपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, ही रीत मुळशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पाळली जाते, तशी हिंजवडी-बावधनच्या सोसायट्यांतही. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण जिचा आधीचा गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजवाहक नळीत राहिला होता, तिच्यासाठी धोक्याचे आठवडे नेमके हेच असतात. भीतीही याच दिवसांत सगळ्यांत जास्त असते आणि ती एकटीने सोसायची वेळ तिच्यावर येते. तिच्यापुरती तरी ही रीत मोडायला हवी.

गर्भ पिशवीबाहेर रुजला, की डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत असं होतं आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भ नळीतच असतात. नळी पिशवीसारखी ताणली जात नाही. गर्भ वाढत गेला तर ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. वेळेत कळलं तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून बाई वाचते, बरी होते.

मनाला मात्र वेळ लागतो. लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि बेल्जियमचं ल्यूव्हेन विद्यापीठ यांचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात किंवा एक्टोपिक झालेल्या स्त्रियांपैकी 29 टक्के जणींमध्ये महिन्याभराने मानसिक आघाताची लक्षणं आढळली आणि नऊ महिन्यांनंतरही 18 टक्के जणींमध्ये ती टिकून होती. अशा बाईच्या ओटीपोटात पुन्हा कळ आली, की तिला मागचं सगळं आठवणारच. ‘उगाच विचार करतेस’ म्हणून ती भीती जात नाही.

पुन्हा होईल का?

एकदा एक्टोपिक झालेल्या दहा जणी पुन्हा गरोदर राहिल्या, तर साधारण एकीचा गर्भ पुन्हा नळीत राहतो. हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून तपासणी लवकर हवी. पण बहुतेकींचा गर्भ पिशवीतच रुजतो, हेही तितकंच खरं. ‘एकच नळी उरली’ ही धास्ती मोठी असते. ‘लॅन्सेट’मध्ये 2014 साली आलेल्या अभ्यासात नळी काढलेल्या, पण दुसरी नळी चांगली असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला.

जिना चढल्याने, स्कूटर चालवल्याने किंवा पपई खाल्ल्याने गर्भ नळीत जात नाही. जुना जंतुसंसर्ग, क्षयरोग, नळीवरची शस्त्रक्रिया, धूम्रपान ही त्याची ज्ञात कारणं, आणि सुमारे निम्म्या जणींत यातलं काहीच सापडत नाही. दोष तिचा नसतो.

कोणत्या दिवशी काय

भीतीवर सगळ्यांत चांगला उतारा म्हणजे आधीच ठरवलेली तपासणी. पाळी चुकताच आशाताईंकडच्या निश्चय किटवर चाचणी करावी आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागचं एक्टोपिक सांगावं. गरज वाटली तर ते रक्तातल्या बीटा एचसीजीची तपासणी 48 तासांच्या अंतराने दोनदा सांगतात. एका आकड्यावरून काही ठरत नाही, तो कसा चढतो ते महत्त्वाचं. म्हणून दोन्ही वेळा लॅब एकच असावी. घरी रोज पट्टी लावून रेघ गडद झाली का पाहण्याने जीव टांगणीला लागतो, उत्तर मात्र मिळत नाही.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सहा ते सात आठवड्यांनी, आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ कुठे आहे हे बहुधा स्पष्ट दिसतं. त्याआधी घाई केली तर पिशवी रिकामी दिसू शकते आणि काळजी वाढते. त्रास होत असेल, तर मात्र सहा आठवड्यांची वाट पाहायची नाही.

थोडी कळ किंवा डाग चांगल्या गरोदरपणातही दिसतो, तरी तिने तो डॉक्टरांना कळवावा. एका बाजूला वाढत जाणारी वेदना, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं, तर तडक रुग्णालय गाठायचं. खांदा दुखतो तो पोटात साठलेल्या रक्तामुळे, वातामुळे नव्हे.

इथे मुळशीचा भूगोल आडवा येतो. आषाढात ताम्हिणीकडचा रस्ता धुक्याने भरलेला असतो, मोबाइलला रेंज नसते आणि हिंजवडीत वाहनांच्या रांगा. म्हणून गाडी कुणाची, चालवणार कोण, पौडच्या ग्रामीण रुग्णालयात कोणती सोय आहे, शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही मिळेल असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधी विचारून ठेवावं. रुग्णवाहिकेचा 108 नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. एवढी तयारी करायची तर नवरा, सासू किंवा आई, शेजारीण आणि आशाताई एवढ्यांना तरी बातमी ठाऊक असलीच पाहिजे.

पिशवीत ठोके दिसले, की नळीची चिंता जवळजवळ संपते, पण पुढेही काही दिवस झोप उडते, रडू येतं. ते लांबलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क बोलता येतं. घरच्यांनी एवढंच करावं: तिने दुखतंय म्हटलं, की आधी विश्वास ठेवावा आणि सोनोग्राफीच्या दिवशी रजा टाकून तिच्यासोबत जावं.