सत्तावीस की वीस सात?

जून २०१९ मध्ये बालभारतीचे दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक शाळांत पोचले आणि महाराष्ट्रात एक अनपेक्षित वाद पेटला. संख्यांची 'एकवीस', 'बावीस' ही रूढ नावे देतानाच 'वीस एक', 'वीस दोन' असेही वाचन त्या पुस्तकाने सुचवले होते. वर्तमानपत्रांत पत्रे आली, विधानसभेत कोट्या झाल्या, मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला 'वीस'ही त्यातून सुटला नाही. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत राहिल्या. पण चर्चा 'मराठी बुडाली' आणि 'मराठी कठीणच' या दोन टोकांत अडकली. २०२३ मध्ये नारळीकर गेल्या. वाद त्याआधीच विझला होता. पहिली-दुसरीच्या वर्गात मात्र हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मी शिक्षिका नाही. भाषा आणि गणित यांच्या सीमेवरचे वाचन आणि वर्गात मागच्या बाकावर बसून केलेली निरीक्षणे, एवढ्या भांडवलावर हा प्रश्न पुन्हा मांडते आहे.

आधी मोजणे म्हणजे काय, हे पाहू. चार वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते आणि घरचे कौतुक करतात. त्याच मुलापुढे सात चिंचोके ठेवून 'किती आहेत?' विचारा. ते बोट ठेवत सातपर्यंत मोजते. 'मग किती झाले?' म्हटले, की पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. शेवटी उच्चारलेला 'सात' हा त्या एका चिंचोक्याचा नव्हे, तर साऱ्या ढिगाचा आहे, हे त्याला अजून उमगलेले नसते. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात मोजणीची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा ठरलेला क्रम आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, ही त्यांतली पहिली तीन. म्हणजे मुलाला तीन गोष्टी एकमेकींशी जोडायच्या असतात : हातातली वस्तुसंख्या, तिचे नाव आणि पाटीवरचे चिन्ह.

दहापर्यंत ही जोडणी सरळ असते. वीस ओलांडले, की मराठीत नाव आणि चिन्ह यांची तोंडे विरुद्ध दिशांना होतात. २७ लिहिताना आधी दोन, मग सात. बोलताना मात्र आधी 'सत्ता', मग 'वीस'. त्यामुळे सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारे मूल मंद नसते. ते जसे ऐकते तसे लिहिते.

दुसरी अडचण रूपांची. सहा हा एकच अंक सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर अशी वेगवेगळी सोंगे घेतो. पन्नासचेही तसेच : बावन्नमध्ये तो 'वन्न' होतो, त्रेपन्नमध्ये 'पन्न'. तिसरी अडचण 'एकोण'ची. २९ या चिन्हात तीन कुठेच नाही, पण नावात 'तीस' आहे. म्हणून एकोणतीस ऐकून ३९ लिहिले जाते. आणि एकोणऐंशी, एकोणनव्वद हा नियम अंगवळणी पडतो न पडतो, तोच शंभराच्या उंबरठ्यावर 'नव्याण्णव' येऊन तो मोडतो.

ही नावे कोणी मुद्दाम अवघड केलेली नाहीत. संस्कृत सप्तविंशति प्राकृतातून झिजत सत्तावीस झाले. प्रत्येक नाव आपापल्या वाटेने झिजले, म्हणून त्यांच्यात एकसूत्रीपणा उरला नाही. हिंदी, गुजराती, बंगाली याच घरातल्या. त्यांच्या मुलांनाही शंभरापर्यंतची नावे जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. कन्नड, तेलुगू, तमिळ भाषांत मात्र वीस आधी आणि सात नंतर. जर्मन आपल्यासारखीच एकक आधी बोलते. नॉर्वेतही जुनी पद्धत तशीच होती. तिथल्या संसदेने ती बदलायचे ठरवले आणि १९५१ पासून दशक आधी बोलण्याची पद्धत अधिकृत झाली. तरी जुनी पद्धत बोलण्यातून गेली नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या.

नावांचा शिकण्यावर परिणाम होतो का? केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंतच्या मोजणीत दोहोंत फारसा फरक नव्हता. दहानंतर चिनी मुले पुढे गेली. चिनीत अकरा म्हणजे 'दहा एक' आणि सत्तावीस म्हणजे 'दोन दहा सात'. मात्र एवढ्यावरून नावे बदलली की काम झाले, असे म्हणता येत नाही. 'वीस सात' मध्येही एक खड्डा आहे : मूल आधी २० लिहिते, पुढे ७ लिहिते आणि पाटीवर २०७ उमटते. इंग्रजीतून शिकणारी मुलेही नेमकी हीच चूक करतात.

दोन्ही चुकांचे मूळ एकच : 'दहाचा एक' ही कल्पना हातात आलेली नसते. त्यावरचा उपाय अनेक शाळांत दिसतो. दहा काड्यांना रबर लावून केलेला गठ्ठा म्हणजे दशक. उरलेल्या त्या सुट्या. मूल दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडते. मग २० लिहिलेली लांब पट्टी घेते आणि तिच्यातल्या शून्यावर ७ ची आखूड पट्टी ठेवते. शून्य झाकले जाते, २७ दिसते. २०७ का नाही, हे त्याला डोळ्यांनी कळते. या क्षणी 'वीस सात' हे संख्येचे नवे नाव नसते. समोर जे मांडले आहे त्याचे ते वर्णन असते. त्यानंतर बाई म्हणतात, 'याला आपण सत्तावीस म्हणतो.' वर्णन आधी आणि नाव मागून आले, तर दोघांत भांडण राहत नाही.

यात कोणाचे काय पणाला लागले आहे, हे त्या वादात फारसे बोलले गेले नाही. ज्या घरात आजी पायऱ्या मोजत नातवंडाला जिना चढवते, दुधाचा हिशोब मोठ्याने होतो, तिथले मूल शाळेत येण्याआधीच अडतीस-अठ्ठेचाळीस ऐकून असते. ज्याच्या घरी शाळेची पहिलीच पिढी आहे, किंवा घरची बोली पावरी, कोरकू, गोंडी आहे, त्याला ही सारी नावे वर्गात पहिल्यांदा भेटतात. दोघांना आपण एकाच वेगाने नेतो आणि मागे राहिलेल्याला 'गणितात कच्चा' म्हणतो. खरे तर त्याला गणित अजून भेटलेलेच नसते.

आणि शब्द बुडण्याची काळजी असेल, तर ती पाठ्यपुस्तकापेक्षा आपल्या दिवाणखान्यात करावी. भाजीचा भाव, फोन नंबर, क्रिकेटचा स्कोअर आपण मुलांसमोर इंग्रजीत बोलतो. मग 'एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन ना?' असे नातवंड विचारते, तेव्हा चकित होतो. ही नावे मुलांना द्यायलाच हवीत, आणि नुसती घोकायला नव्हे. तिसरी-चौथीत गेलेल्या मुलाला सांगावे, की 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी. वजाबाकीत तू 'उणे' म्हणतोस तो शब्दही याच 'ऊन'चा. साठाला एक उणा तो एकोणसाठ. दुसरीत ज्या शब्दाने त्याला अडवले, त्याच शब्दात एक वजाबाकी दडलेली आहे, हे पाहायला ते आता तयार असते. मात्र तोवर त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे असू द्यावेत आणि ७२ लिहिले म्हणून पाटी पुसण्याआधी त्याला विचारावे, 'तू काय ऐकलेस?'