तय्यिब अल-इस्म: अकाबाच्या आखातातून उठलेला कडा

सौदीत समुद्रकड्यालगत चालायचं तर मक्नाच्या उत्तरेचं तय्यिब अल-इस्म गाठावं, तेही वसंतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथला ग्रॅनाइट अकाबाच्या आखातालगत भिंतीसारखा उभा आहे आणि त्याचं मूळ लाटांत नाही, भ्रंशात आहे. अरबी भूपट्ट सिनाईला घासत उत्तरेकडे सरकतो. म्हणूनच आखात सुमारे 1,850 मीटरपर्यंत खोल, आणि 1995 मध्ये इथे 7 रिश्टरहून मोठा भूकंपही झाला. कुणी म्हणेल, कड्यातली अरुंद घळ तर पाण्यानेच कोरली. खरंय, पण कड्याला उंची दिली ती जमिनीच्या हालचालीने. ‘वाळवंटात कसला वसंत?’ हा आक्षेपही टिकत नाही: घळीत झऱ्याकाठी खजुरी आहेत. तिच्या भिंतींत गडद खडकाचे पट्टेही उभे चढलेले दिसतात. पावसाचं चिन्ह दिसलं तर मात्र घळीत शिरूच नये.