साखरेच्या ठोकळ्यांचं चर्च

कॅलिफोर्नियात मूल चौथीत गेलं की घरात साखरेचे ठोकळे यायचे. चहासाठी नव्हे, चर्च बांधायला. स्पॅनिश पाद्र्यांनी इथल्या किनाऱ्यालगत १७६९ ते १८२३ या काळात एकवीस मिशनं उभी केली. त्यातलं एक निवडायचं, डिंकाने ठोकळे चिकटवायचे, पास्त्याची लाल कौलं घालायची, वर घंटा टांगायची. इथल्या कित्येक पिढ्या हे करत मोठ्या झाल्या. आमच्या फ्रेमाँट गावातल्या मराठी पालकांना तर हा प्रकार भलताच आवडायचा, कारण दिवाळीच्या किल्ल्याची हौस परदेशात आयतीच भागायची. मुलगा झोपल्यावर बाबा मध्यरात्रीपर्यंत कौलं रंगवत बसलेत, हे आम्हा शिक्षकांना मॉडेल पाहताक्षणी कळायचं.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. २०१६ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यानेच स्पष्ट लिहिलं की असल्या ठोकळ्यांच्या मिशनांनी मुलांना तो काळ समजत नाही, शिवाय अनेकांना ते अपमानास्पद वाटतं. मला ते लगेच पटलं. आपल्या किल्ल्यावर निदान मावळे तरी उभे असतात, पायथ्याशी बाजार असतो, विहिरीवर बाई असते. मिशनच्या मॉडेलमध्ये माणूसच नसायचा. पांढऱ्या भिंती आणि रिकामं अंगण.

म्हणून आमच्या वर्गात सुरुवात विटेपासून होते. माती, पाणी आणि वाळलेलं गवत कालवायचं, लाकडी साच्यात थापायचं, उन्हात ठेवायचं. मुलं गुडघ्यापर्यंत माखतात, पालकांच्या तक्रारी येतात. वीट सुकायला आठवडे लागतात आणि रोज कोणीतरी जाऊन बोट खुपसून येतं. मग मी विचारते, आपल्या गावातल्या मिशन सॅन होजेला अशा हजारो विटा लागल्या, त्या कोणी पाडल्या? पाद्री तर दोनच असायचे.

पाडल्या इथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांनी, आणि पुढे आतल्या खोऱ्यातून आलेल्या योकुट व मिवोक लोकांनी. पण हे लोक मिशनमध्ये आले कसे, हे सांगायला आधी जहाजांकडे जावं लागतं.

स्पेनच्या वतीने हुआन रॉड्रिगेज काब्रियो १५४२ साली सॅन डिएगोच्या खाडीत शिरला. पहिलं मिशन १७६९ चं. मुलं वजाबाकी करतात, दोनशे सत्तावीस वर्षं, आणि चक्रावतात. एवढी वर्षं काय करत होते? फारसं काही नाही. मनिलाहून मेक्सिकोकडे परतणारी मालाची गलबतं या किनाऱ्याजवळून जात, पण वस्ती करावी असं इथे त्यांना काही दिसलं नव्हतं. १६०२ मध्ये सेबास्तियन विस्काइनो येऊन गेला आणि त्याने माँटेरेच्या खाडीचं वर्णन इतकं चढवून लिहिलं की १७६९ मध्ये गास्पार दे पोर्तोला जमिनीवरून तिथे पोचला तेव्हा त्याला ती खाडी ओळखूच आली नाही. तो पुढे चालत राहिला आणि त्याच्या माणसांना सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर दिसला. माझ्या वर्गाला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. स्पेनला इतक्या उशिरा जाग आली ती रशियनांमुळे. ते अलास्काकडून फरच्या व्यापारासाठी खाली सरकत होते. किनारा ताब्यात ठेवायला माणसं हवीत आणि स्पेनहून माणसं आणणं महाग, म्हणून इथल्याच लोकांना ख्रिस्ती शेतकरी करायचं ठरलं. ते काम फ्रान्सिस्कन पाद्र्यांवर आलं. (मी मूळची वसईची. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये आम्ही लपंडाव खेळायचो. तिथे राजा पोर्तुगालचा होता, एवढाच फरक.)

मग गुरं. हा भाग पाठ्यपुस्तकं दोन ओळींत उरकतात आणि मला तिथे थांबावंसं वाटतं. ओलोनींचं पोट ओकच्या बिया, गवताचं बी, शिंपले आणि शिकार यांवर चाले. मिशनची गुरं मोकाट सुटली आणि त्यांनी गवताचं बी खाल्लं. बी वाढावं म्हणून ओलोनी कुरणं जाळत, त्यालाही बंदी आली. घरात चूल पेटेना आणि मिशनमध्ये रांधलेलं मिळतंय, तर माणूस कुठे जाईल? पण एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. पळाल्यास सैनिक धरून आणत, फटके बसत. वयात आलेल्या मुलींना रात्री वेगळ्या खोलीत कुलूपबंद करत.

पाद्र्यांनी नोंदी मात्र चोख ठेवल्या. लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन ग्रंथालयाने त्या संगणकावर चढवल्या आहेत. १७६९ ते १८५० मधले एक लाखाहून जास्त बाप्तिस्मे आणि सुमारे ७१ हजार दफनं. त्यात सैनिकांची कुटुंबंही आहेत, पण बहुसंख्य नावं मूळनिवासींची. १८०६ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा आमच्या भागातल्या मिशनांत किती मुलं दगावली हे अशा वह्यांवरूनच कळतं. मी आकडे फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. गणितात हुशार मुलं आधी अस्वस्थ होतात.

‘चौथीतल्या पोरांना हे कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी एखादा पालक विचारतोच. दहा वर्षांच्या मुलाला अन्याय उत्तम कळतो, मधल्या सुट्टीत त्याचं दुसरं काही चाललेलं नसतं. उलट मोठ्यांनाच एक माणूस एकतर संत लागतो नाहीतर राक्षस. मिशनांचा प्रमुख पाद्री हुनिपेरो सेरा याचंच घ्या. पहिली नऊ मिशनं त्याच्या कारकिर्दीतली, २०१५ मध्ये पोपने त्याला संत घोषित केलं. पाय अधू असताना तो मेक्सिको सिटीपर्यंत गेला आणि सैनिकांच्या जुलमाविरुद्ध व्हाइसरॉयकडे दाद मागितली. तोच सेरा फटक्यांना योग्य शिक्षा मानत होता. वर्गातली मुलं दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहितात, त्यांना काही अडत नाही. १७८६ मध्ये ला पेरूज हा फ्रेंच दर्यावर्दी कार्मेलचं मिशन पाहून गेला आणि त्याला कॅरिबियन बेटांवरचे गुलामांचे मळे आठवले. म्हणजे ‘तेव्हा कोणाला काही वावगं वाटत नव्हतं’ ही सबबही टिकत नाही.

‘ते लोक आता कुठेत?’ हेही मुलं विचारतात. इथेच आहेत. मुवेक्मा ओलोनी आजही याच भागात राहतात. व्हिन्सेंट मेदिना आणि लुई ट्रेव्हिनो यांनी २०१८ मध्ये बर्कलीत ‘कॅफे ओलोनी’ सुरू करून ओकच्या बियांचे पदार्थ लोकांना खाऊ घातले. निबंधात कोणी ओलोनींना भूतकाळात टाकलं की माझी लाल पेन्सिल चालते.

शेवटचा धडा एस्टानिस्लाओचा. हा योकुट माणूस मिशन सॅन होजेमध्ये मुकादम होता, पाद्र्यांच्या विश्वासातला. १८२८ मध्ये तो आपल्या गावी गेला आणि परत येणार नाही असा निरोप त्याने पाठवला. शेकडो लोक त्याला मिळाले. सैन्य दोनदा हात हलवत परतलं. तिसऱ्यांदा, १८२९ मध्ये, मरियानो वालेहो तोफ घेऊन आला आणि त्याने झाडीला आग लावली. एस्टानिस्लाओ निसटला, पुढे मिशनमध्ये परतला आणि त्याला माफी मिळाली. स्टॅनिस्लॉस नदी आणि काउंटी त्याच्याच नावाची आहे. योसेमिटीला जाताना ही काउंटी लागते, त्यामुळे भारतातून आलेले सगळे पाहुणे तिथून जातातच. माझ्या एका विद्यार्थ्याने पुण्याहून आलेल्या आजोबांना गाडीत ही सगळी लढाई ऐकवली. आजोबांनी मध्येच अडवलं, ‘तोफेपुढे उघड्यावर लढला? गनिमी कावा नाही?’

‘खंदक खणले होते आजोबा,’ नातू म्हणाला, ‘आणि लाकडांचा तटसुद्धा बांधला होता.’