झेरॉक्सनं खाल्लेले दहा मीटर

भाचीचं भांडण घड्याळावरून सुरू झालं. ओरिएंटिअरिंगच्या सरावाचा कोर्स सरांनी २.९ किलोमीटरचा सांगितला होता. तिच्या मनगटावर भरले ३.८. सरांचं माप खोटं, असा तिचा निकाल. म्हणून रविवारी सकाळी मीही अमरावतीच्या छत्री तलावाकडच्या टेकड्यांपाशी जाऊन उभी राहिले.

सर एनसीसीतले, आता निवृत्त. हातात होकायंत्र, खांद्याला तीस मीटरची टेप, खिशात शाळकरी पट्टी. नकाशा पाहून एकेक कंट्रोल, म्हणजे खुणेचं ठिकाण, शोधत पळायच्या या खेळात कोर्सची लांबी म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्या कंट्रोलपर्यंतची सरळ रेघ. आडवा तलाव किंवा न ओलांडता येणारं कुंपण आलं, तरच ती वळते. पळणारा कुठून भटकत गेला, ते तिच्या खिजगणतीत नसतं. भाचीला हे पटलं नाही.

"शंभर मीटरला एकशे वीस पावलं. माह्या पायाचं माप हाय हे," सर म्हणाले आणि सपाटीवरचा एक टप्पा मोजत निघाले. बुटांखाली तरोटा चिरडत होता. त्याचा तो उग्र वास घरी आल्यावरही माझ्या ओढणीला होता. रात्री पाऊस झालेला. काळ्या मातीचे लाडू बुटांना चिकटले नि पाऊल आखूड पडू लागलं. शेवटच्या झाडाशी सर थांबले. ३८४ पावलं. एकशे वीसच्या हिशेबानं ३२० मीटर.

मग टेप. मी एक टोक धरलं, भाचीनं दुसरं. बरोबर दहा वेळा, ३०० मीटर. वीस मीटर चिखलानं वाढवले होते.

आता नकाशा, एकास दहा हजारचा. पट्टी एकोणतीस मिलिमीटरवर थांबली. म्हणजे २९० मीटर! भाचीचा चेहरा खुलला. सरांनी मात्र पट्टी खालच्या प्रमाणपट्टीवर ठेवली. ५०० मीटरची ती रेघ पन्नास मिलिमीटर हवी होती, भरली साडेअठ्ठेचाळीस. कागदात बसवायला दुकानात नकाशा जरासा लहान करून काढला होता.

"झेरॉक्सवाल्यानं दहा मीटर खाल्ले की हो!" सर खो खो हसले. अख्खा कोर्स याच नकाशावर मोजलेला. त्यांनी २.९ खोडून ३ लिहिलं. चूक कबूल करायला त्यांना काही जड गेलं नाही, मला ते फार आवडलं.

"आता आठशे मीटर उरले, बाई. तिसरा कंट्रोल कितीदा हुकला होता तुहा?"

भाची काडीनं बुटाचा चिखल खरवडत राहिली.

"दोनदा," ती म्हणाली.