परीक्षेत काय विचारावे?

बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलो की कधी कधी खिडकीतून ऐकू येते, 'सिस्टीम बंद आहे.' हे वाक्य आता आपल्या अंगवळणी पडले आहे. ती बंद सिस्टीम सुरू करणारा, आणि मुळात ती बंद पडू नये म्हणून झटणारा एक माणूस पडद्याआड असतो. त्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. संगणकांचा कारभारी म्हणा ना! कोणती फाईल कोणाला उघडता यावी, नोंदींची जादा प्रत कुठे ठेवावी, हे सारे तो पाहतो.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयाकडे वळलो तो भाच्यामुळे. तो या कामाच्या एका परीक्षेचा अभ्यास करत होता. एकदा म्हणाला, "मामू, सांभाळायचा आहे सर्व्हर, मग प्रिंटरचे प्रश्न कशाला?" उत्तर शोधू लागलो आणि परीक्षा ठरवण्याचेही एक शास्त्र असते हे कळले.

विद्यापीठाची परीक्षा शिकवले ते विचारते. प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी. हा माणूस उद्या कामावर उभा राहू शकेल का, एवढेच तिला पाहायचे असते. मग अभ्यासक्रम ठरवायचा कोणी? लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ही संस्था 1999 मध्ये स्थापन झाली. तिने धरलेला मार्ग असा : आधी या व्यवसायातल्या कामांची यादी करायची, मग प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच विचारायचे की हे काम तुम्हाला किती वेळा करावे लागते आणि ते किती महत्त्वाचे आहे. 2005 मध्ये सुरू झालेल्या बीएसडी सर्टिफिकेशन ग्रुपनेही परीक्षा तयार करण्याआधी अशीच जाहीर पाहणी घेतली. थोडक्यात, गवंड्याची परीक्षा काय असावी हे गवंड्यांना विचारून ठरवायचे.

या उत्तरांवरून प्रत्येक विषयाला वजन मिळते. लिनक्सच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात; प्रत्येकीत 60 प्रश्न आणि 90 मिनिटे. वजन म्हणजे त्या विषयावरचे साधारण प्रश्न. 2018 च्या आवृत्तीत कमांड लिहून काम करण्याला 4, फाईलींच्या परवानग्यांना 3 आणि प्रिंटरला 2 असे वजन आहे. भाच्याला उत्तर मिळाले. कचेरीत छपाई अडली की हाक याच माणसाला मारतात. पण त्यासाठी 60 पैकी दोनच प्रश्न पुरेत.

वजन वाटताना न्यायही पाहावा लागतो. लिनक्सची घराणी अनेक आहेत. नवे सॉफ्टवेअर बसवण्याची डेबियनची रीत वेगळी, रेड हॅटची वेगळी. एकाच घराण्याचे विचारले तर दुसऱ्या घराण्यात शिकलेल्यावर अन्याय होतो. म्हणून दोन्ही रीतींना तीन-तीन वजन दिले आहे.

पण खरी कसोटी लागते ती वगळताना. नवे काही आत घ्यायचे तर जुने काही बाहेर काढावे लागते. प्रश्न 60 चे 70 होत नाहीत. 2018 मध्ये डेटाबेसची एसक्यूएल भाषा आणि डिस्कचा कोटा हे विषय निघाले. एका यंत्राच्या पोटात दुसरे आभासी यंत्र चालवतात, त्याची ओळख आत आली. काढलेले विषय निरुपयोगी होते असे नाही. पहिल्या पायरीवर ते अपरिहार्य नव्हते, इतकेच.

काय विचारायचे ठरले की कसे विचारायचे हा प्रश्न येतो. पर्यायांवर खूण करणे हा एक प्रकार. रेड हॅटच्या परीक्षेत मात्र समोर चालते यंत्र देतात आणि कामे सांगतात. इंटरनेट नसते, पण यंत्रातलीच माहितीपुस्तिका पाहता येते. केलेले काम यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजे, अशी अट असते. मला ही अट फार आवडली. तात्पुरती मलमपट्टी तिथे चालत नाही.

उत्तीर्णतेची रेघही सवयीने 35 टक्क्यांवर ओढायची नसते. 1971 मध्ये विल्यम अँगॉफ यांनी मांडलेली एक पद्धत अशा परीक्षांत वापरतात. जाणकारांनी जेमतेम लायक असा उमेदवार डोळ्यांपुढे आणायचा आणि असे शंभर जण असतील तर त्यांतल्या कितींना हा प्रश्न सुटेल, ते सांगायचे. त्या अंदाजांवरून रेघ ठरते.

एवढे सगळे पटूनही एक गोष्ट मला खुपते. पहिल्या पायरीवर फाईलींची मोट बांधणारी 'टार' ही कमांड आहे. पण बॅकअप घेणे, तो तपासणे आणि त्यातून माहिती परत मिळवणे हा स्वतंत्र विषय दुसऱ्या पायरीवर ठेवला आहे. मोठ्या कंपनीत ते चालेल. तिथे नवख्याच्या वर चार अनुभवी असतात. आपल्याकडच्या पतपेढीत किंवा छोट्या इस्पितळात तो मुलगा बहुधा एकटाच असतो. बॅकअपमधून माहिती परत आणण्याची वेळ वर्षातून एखादेवेळी येईल, पण त्या दिवशी हात चालला नाही तर लोकांच्या ठेवींच्या नोंदी जातात, रुग्णांचे कागद जातात. म्हणून काम किती वेळा करावे लागते यापेक्षा ते न आल्यास कोणाचे किती नुकसान होते, याला माझ्या मते अधिक वजन हवे.

या परीक्षांचे विषय आणि त्यांची वजने संस्था जाहीर करतात. ती वाचायला पैसे पडत नाहीत. मुलाची फी भरण्याआधी ती यादी जरूर मागून घ्या. क्लासवाल्यांना विचारा, यातले तुम्ही यंत्रावर बसवून काय शिकवणार? आणि यादीत नसले तरी पुसली गेलेली माहिती परत आणायला शिकवणार का, हेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)