शत्रूच्या गोटात नव्वद मिनिटं

लंडनमध्ये वडापाव मिळतो. गणपतीत ढोल-ताशा मिळतो. नीट शोधलं तर कांदा-लसूण मसाल्याचं पाकीटही मिळतं. चटकन मिळत नाही ती एकच गोष्ट. इंग्लंड-जर्मनी मॅचच्या दिवशी जर्मनीच्या सपोर्टरला निवांत बसता येईल असा पब!

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तू कोल्हापूरचा, नोकरी लंडनची, मग मध्येच ही जर्मनी कुठून उपटली? त्याचं उत्तर २००२ मध्ये आहे. जपान-कोरियातला तो वर्ल्ड कप आपल्याकडे दिवसाउजेडी दिसायचा. आमचा अख्खा वर्ग ब्राझीलवाला. ३० जूनच्या फायनलला रोनाल्डोनं दोन गोल ठोकले, सगळी गल्ली नाचायला लागली आणि मी बघत राहिलो ऑलिव्हर कानकडे. टीमला फायनलपर्यंत ओढून आणणारा तो दांडगा गोलकीपर मॅच संपल्यावर पोस्टला टेकून गप्प बसला होता. बस्स, त्या दिवसापासून आपण जर्मनीचे.

कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. वर्ल्ड कप आला की आमच्या पेठांतून ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की कुणी कुठल्या बाजूला बसायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं असतं. विरुद्ध पार्टीतला मित्र दोन तासांपुरता परका, संध्याकाळी रंकाळ्यावर पुन्हा आपला. हा हिशेब आम्हाला लहानपणापासून पाठ.

लंडनमध्ये मात्र हा हिशेब कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, ते पब बघून ठरतं.

भांडण तसं जुनंच

आधी थोडा इतिहास, म्हणजे माझी पंचाईत लक्षात येईल. १९६६ ची वर्ल्ड कप फायनल इंग्लंडनं वेम्बलीवर ४-२ नं जिंकली. त्यातला जेफ हर्स्टचा एक गोल क्रॉसबारला आपटून खाली पडला. तो रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर आजही पबमध्ये ग्लास आपटले जातात. १९९० च्या वर्ल्ड कपची आणि १९९६ च्या युरोची, अशा दोन्ही सेमीफायनल जर्मनीनं पेनल्टी शूटआउटवर नेल्या. २००० साली जुन्या वेम्बलीवरची शेवटची मॅच जर्मनीनं १-० नं जिंकली. पुढच्याच वर्षी इंग्लंडनं म्युनिकमध्ये जाऊन ५-१ नं धुलाई केली. २०१० मध्ये लॅम्पार्डचा शॉट रेषेच्या चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही आणि जर्मनी ४-१ नं जिंकली. म्हणजे ४४ वर्षांनी हिशेब बरोबर, असं आम्ही म्हणतो. ते म्हणत नाहीत!

गंमत बघा, १९९६ च्या युरोसाठी इंग्लंडच्या फॅन्सनी डोक्यावर घेतलेलं ‘थ्री लायन्स’ हे गाणं कप जिंकून परतलेल्या जर्मन टीमनंही गायलं आणि जर्मनीतल्या टॉप गाण्यांच्या यादीतही ते जाऊन बसलं. चिडवायचं तर असं चिडवावं. पण याच भांडणात महायुद्धातल्या जर्मन बॉम्बर विमानांवरची गाणीही म्हटली जातात आणि ती म्हणू नका असं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला सांगावं लागतं.

शोधमोहीम

२०२१ च्या युरोमध्ये मंगळवार, २९ जून, संध्याकाळी पाच वाजता, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध जर्मनी असं ठरलं, तेव्हा माझी शोधमोहीम सुरू झाली. वर्ल्ड कप आणि युरोच्या मॅचेस तिथे कायद्यानंच फुकटच्या चॅनलवर दाखवाव्या लागतात. त्यामुळे एरवी टीव्ही लावायचा कंटाळा करणारा पबही त्या महिन्यात स्टेडियम होतो. म्हणजे पर्याय ढीगभर. पण कोविडचे नियम चालू होते. आत उभं राहायचं नाही, ऑर्डर टेबलवरूनच द्यायची, एका टेबलाला जास्तीत जास्त सहा जण. साहजिकच पबवाले टेबल द्यायचे ते सहाच्या ग्रुपला. माझ्यासारख्या एकांड्या शिलेदाराला कोण विचारतो?

पहिला नंबर घराजवळच्या स्पोर्ट्स पबचा. आदल्या आठवड्यात सहज डोकावलो. छतापासून जमिनीपर्यंत इंग्लंडचे झेंडे. बारवरच्या मुलाला म्हटलं, जर्मनीची जर्सी घालून आलो तर चालेल का? तो हसला नाही. ‘तुझ्या जबाबदारीवर,’ म्हणाला. शेजारच्या स्टुलावरच्या एकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘तू जर्मन कसा काय?’ प्रश्न साधाच होता. पण त्याची नजर माझ्या जर्सीवर नव्हती, कातडीवर होती. मी हाफ पाइंट संपवला आणि निघालो.

दुसरा नंबर जर्मन बिअर आणि सॉसेज विकणाऱ्या एका अड्ड्याचा. इथे तरी आपली माणसं भेटणार! पण टेबलं केव्हाच बुक झाली होती आणि माझं जर्मन ‘डांके’ आणि ‘टोर’ या दोन शब्दांवर संपतं. तिथल्या वेटरनं मला अदबीनं इंग्लिश मेन्यू आणून दिला. म्हणजे इंग्लिशांसाठी मी जर्मन नाही आणि जर्मनांसाठी तर नाहीच नाही.

मग ऑफिसमधल्या एका इटालियन कलीगनं त्यांचा फंडा सांगितला. सोहोत फ्रिथ स्ट्रीटवर ‘बार इटालिया’ नावाचा कॅफे आहे, १९४९ पासूनचा. इटलीची मोठी मॅच असली की लंडनमधले इटालियन तिथे फुटपाथ भरून टाकतात. योगायोग असा की, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जॉन लोगी बेअर्डनं जानेवारी १९२६ मध्ये टेलिव्हिजनचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. टीव्हीचा जन्म वर आणि टीव्हीपुढचा दंगा खाली! ‘आम्ही पिढ्यान्पिढ्या तिथे जातो,’ तो म्हणाला. ‘तुझ्या लोकांची अशी जागा असेल ना?’

माझे लोक? मी विचारात पडलो.

देसी पब

उत्तर एका पुणेकर मित्रानं दिलं. ‘अरे, देसी पबमध्ये जा ना! झेंडा कुणाचाही असो, मिक्स ग्रिल एक नंबर.’

बर्मिंगहॅमच्या आसपास आणि वेस्ट लंडनमध्ये साउथॉलच्या पट्ट्यात हे पब दिसतात. बाहेरून अस्सल इंग्लिश. आत लाकडी बार, डार्टबोर्ड, जुना गालिचा. आणि किचनमधून येणारा तंदूरचा वास. मालक बहुतेक पंजाबी. गिऱ्हाईक मात्र सगळ्या रंगांचं.

हे पब हौसेनं निघालेले नाहीत. १९५०-६० च्या दशकांत पंजाबातून कितीतरी माणसं बर्मिंगहॅमजवळच्या फाउंड्र्यांमध्ये कामाला आली. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळून पबमध्ये गेलं की बऱ्याच ठिकाणी सांगितलं जायचं, या खोलीत तुम्हाला बसता येणार नाही. याला ‘कलर बार’ म्हणत. इंडियन वर्कर्स असोसिएशननं त्याविरुद्ध लढा दिला. त्यांचे नेते अवतार सिंग जौहल यांच्या निमंत्रणावरून फेब्रुवारी १९६५ मध्ये साक्षात माल्कम एक्स स्मेथविकला येऊन गेले. तिथल्या एका पबमध्ये त्यांनाही ड्रिंक नाकारलं गेलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रेस रिलेशन्स ॲक्ट आला आणि पब-हॉटेलात वंशावरून अडवणं बेकायदा ठरलं. पुढच्या काळात एकेक करत पंजाब्यांनी पबच चालवायला घेतले. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, तेच बारच्या मागे उभे राहिले.

मी असाच एक पब गाठला. बाहेर इंग्लंडचा भलामोठा झेंडा. मालक साठीचे सरदारजी. म्हटलं, ‘अंकल, मंगळवारी एकटाच आहे. आणि जर्मनीवाला आहे.’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘पुत्तर, पैसे तर पाउंडातच देणार ना?’

टेबल मिळालं! चार काकालोक दर मॅचला येणारे, त्यांच्यात मी पाचवा. अट एकच. जर्मनी हरली तर चिकन विंग्जची प्लेट माझ्याकडून.

ती संध्याकाळ

आमच्या बॉसनं त्या दिवशी साडेतीनलाच कॉल संपवला. (इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी अपवाद होतात, रिलीजसाठी होत नाहीत.) पांढरी जर्सी, वर जॅकेट, अशा वेषात मी पोहोचलो. काकांनी जॅकेट उतरवायला लावलं. ‘लपून काय बसतोस? आम्हाला शिव्या कुणाला घालायच्या ते दिसायला नको?’

आणि घातल्या की त्यांनी! पंजाबीत, इंग्लिशमध्ये, मिश्र. पण सगळ्या फुटबॉलच्या. पंचाहत्तराव्या मिनिटाला स्टर्लिंगनं गोल मारला तेव्हा शेजारच्या काकांनी आनंदाच्या भरात मलाच मिठी मारली. थोड्या वेळानं म्युलर एकटा गोलकीपरसमोर आला आणि त्यानं चेंडू बाहेर मारला. त्या क्षणी अख्ख्या पबमध्ये डोक्याला हात लावून बसलेला मी एकटाच. शहाऐंशीव्या मिनिटाला केननं हेडर घातला आणि खेळ खल्लास. २-० . मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीत इंग्लंडनं जर्मनीला हरवलं ते १९६६ नंतर पहिल्यांदाच.

मग स्क्रीनवर वेम्बलीतली एक छोटी जर्मन मुलगी दिसली, वडिलांना बिलगून रडणारी. मागच्या टेबलावरून दोघं-तिघं ओरडले, हसले. माझ्या शेजारचे काका मागे वळले. आवाजही चढवला नाही त्यांनी. ‘कुणाची तरी पोर आहे रे ती,’ एवढंच म्हणाले. टेबल गप्प झालं.

त्या मुलीला पुढे इंटरनेटवर घाणेरड्या शिव्या पडल्या. वेल्समधल्या एका माणसाला ते सहन झालं नाही. त्यानं तिच्यासाठी ५०० पाउंड जमवायचे ठरवले, जमले ३६ हजारांहून जास्त. तिच्या घरच्यांनी ते युनिसेफला द्यायला सांगितलं. म्हणजे दोन्ही प्रकारची माणसं त्याच मॅचला होती. आपल्याला शोधायचा असतो तो दुसऱ्या प्रकारची माणसं जिथे बसतात तो पब.

हे किती गरजेचं आहे ते बारा दिवसांत कळलं. ११ जुलैच्या फायनलला इटलीकडून इंग्लंड पेनल्टीवर हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि त्या तिघांवर त्यांच्या रंगावरून इंटरनेटवर गरळ ओकली गेली. मँचेस्टरमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्रही विद्रूप केलं गेलं. मग लोकांनीच तिथे प्रेमाच्या चिठ्ठ्या चिकटवून ती भिंत झाकून टाकली. ती फायनल मी त्याच टेबलावर बघितली. शेवटची पेनल्टी अडली तेव्हा काका हरल्याबद्दल काहीच बोलले नाहीत. नातवाला फोन लावला आणि म्हणाले, ‘सरळ घरी जा, रस्त्यात थांबू नकोस.’ पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये काढलेला, इंग्लंडची जर्सी घातलेला माणूस! पबच्या बाहेर आपण कुणाचे हा प्रश्न फक्त मलाच पडत नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा जमलो. ३१ जुलै २०२२ ला महिलांच्या युरो फायनलला इंग्लंडनं जर्मनीला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ नं हरवलं. त्या दिवशी काकांच्या नाती, सुना सगळ्या आल्या होत्या आणि विंग्जच्या दोन प्लेट गेल्या. सप्टेंबरात वेम्बलीवर ३-३ झालं, तेव्हा बिल निम्मं-निम्मं.

तुम्हीही परक्या गोटात जाणार असाल तर...

* आधी एखाद्या साध्या दिवशी जाऊन या. मॅच नसताना जो बारवाला नीट बोलतो, तोच मॅचच्या दिवशी तुमच्या बाजूनं उभा राहतो.
* दारावरची पाटी वाचा. ‘होम फॅन्स ओन्ली’ किंवा ‘नो फुटबॉल कलर्स’ लिहिलं असेल तर वाद घालू नका, दुसरा पब बघा.
* आपण विरुद्ध पार्टीचे आहोत हे मालकाला आधीच सांगा. त्याला माहीत असलेला पाहुणा सुरक्षित असतो.
* टेबलावर राउंडची पद्धत असते. पहिला राउंड तुमचा. चिडवणाऱ्यांची धार निम्मी होते.
* आपला गोल झाला तर टाळ्या वाजवा, खुर्चीवर चढू नका.
* टोमणे टीमवर असतील तोवर हसा, उलट मारा. रंग, धर्म, देश यांच्यावर आले की ग्लास अर्धा असला तरी उठा. बिअर परत मिळते.
* मॅच संपल्यावर शेजाऱ्याशी हात मिळवा आणि गर्दी पांगेपर्यंत दहा मिनिटं थांबा. खरी ओळख त्या दहा मिनिटांत होते.