रात्री समोर उभा असलेला डॉक्टर कोण?

गेल्या पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमारास पडघ्याजवळच्या एका गोदामातल्या हमालाला आमच्या सरकारी रुग्णालयात आणले. वय पंचेचाळिशीचे, अंगातला शर्ट घामाने चिंब. छातीत दुखायला लागले ते रात्री एक वाजता. सोबत्यांनी वेळ न दवडता त्याला टेम्पोत घालून महामार्गालगतच्या एका खासगी रुग्णालयात नेले होते. बाहेर ‘२४ तास इमर्जन्सी’ अशी ठळक पाटी. आतल्या तरुण डॉक्टरने ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले आणि दोन तास झोपवून ठेवले. ईसीजी काढलाच नाही. आमच्याकडे काढला, तेव्हा मोठा हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. गुठळी विरघळवणारे औषध दिले, माणूस वाचला. पण तोवर हृदयाचा बराच स्नायू निकामी झाला होता. आज त्याला पोती उचलता येत नाहीत.

त्याच्या भावाने मला विचारले, ‘‘साहेब, तो डॉक्टर नव्हता का?’’

डॉक्टर तर तो होता. पण अशा रुग्णाला पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, याचे शिक्षण त्याला मिळाले होते का, हा खरा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारायची वेळ रात्री एकची नसते.

शाखा नवी, डॉक्टर थोडे

आपत्कालीन वैद्यक, म्हणजे इमर्जन्सी मेडिसिन, ही आपल्याकडे नवी शाखा आहे. भारतीय वैद्यक परिषदेने तिला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. मी एमबीबीएस झालो तेव्हा असा विषयच नव्हता. कॅज्युअल्टीत ज्याची पाळी असेल तो मेडिकल ऑफिसर बसायचा आणि ज्येष्ठांचे बघून शिकायचा. आजही बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी, सरकारी असो वा खासगी, अपघात विभागात एमबीबीएस डॉक्टरच भेटतो. त्यात काही गैर नाही. मात्र तो स्वतःला तज्ज्ञ म्हणवत असेल, तर तशी पदवी त्याच्याकडे हवी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत हे स्वच्छ लिहिलेले आहे: त्या शाखेची विशेष पात्रता नसताना ‘स्पेशालिस्ट’ म्हणवून घेता येत नाही.

पाटीवरची अक्षरे

नावापुढची अक्षरे वाचायला अवघड नाहीत. ‘एमडी (इमर्जन्सी मेडिसिन)’ आणि ‘डीएनबी (इमर्जन्सी मेडिसिन)’ या एमबीबीएसनंतर तीन वर्षे शिकून मिळणाऱ्या, देशात मान्यता असलेल्या पदव्या. पहिली वैद्यकीय महाविद्यालयातून मिळते, दुसरी राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून.

काही मोठी खासगी रुग्णालये परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘एमईएम’ हा अभ्यासक्रम चालवतात. तिथे शिकलेले चांगले डॉक्टर मी पाहिले आहेत. पण एमडी किंवा डीएनबीसारखी ती मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नव्हे. ‘फेलोशिप’ हा शब्द तर वर्षभराच्या शिक्षणालाही लावतात आणि काही आठवड्यांच्या वर्गालाही. ‘बीएलएस’, ‘एसीएलएस’ ही पदवी नाही. हृदय बंद पडल्यावर काय करावे, याचे ते एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण असते आणि दर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागते. तरीही अपघात विभागातल्या प्रत्येक डॉक्टरकडे आणि परिचारिकेकडे ते असायला हवे.

बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर रात्रपाळीला असतात, हेही आपल्या भागातले वास्तव आहे. त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते. १९९६ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात, होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

खातरजमा कशी करावी

राज्यातल्या प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंद तपासता येते. तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. नोंदणी चालू आहे का, कारण तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आणि पाटीवरची पदव्युत्तर पदवी तिथेही नोंदलेली आहे का. नोंदीत फक्त एमबीबीएस आणि पाटीवर ‘इमर्जन्सी तज्ज्ञ’ असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

पदवीच्या पलीकडे

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले, तेव्हा ते साधे एमबीबीएस होते. कोकणात लाल विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरून मृत्यू मोठ्या प्रमाणावर कमी केले आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा पदवी पाहा, पण रुग्णालयाची तयारीही पाहा.

म्हणून सवड असताना, एखाद्या रविवारी, जवळच्या रुग्णालयात जाऊन पाच गोष्टी विचारा. रात्री डॉक्टर आवारातच असतो की फोन केल्यावर येतो? ईसीजी दहा मिनिटांत निघतो का? बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारे यंत्र चालू आहे का? सर्पदंशाची लस आहे का? आणि इथे जमले नाही, तर रुग्णाला कुठे आणि कशाने पाठवता? सरळ उत्तर देणारे रुग्णालय लहान असले तरी भरवशाचे.

पडघ्याच्या माणसाला वाटा अनेक आहेत: भिवंडी, शहापूर, बापगावमार्गे कल्याण, पुढे ठाणे. कुठल्या आजाराला कोणती वाट, हे आधीच ठरलेले बरे. भातशेतीत साप चावला तर मुंबईची वाट धरू नये; जवळच्या सरकारी दवाखान्यात लस सुरू करून मगच पुढे न्यावे. छातीत दुखत असेल तर आधी जिथे ईसीजी लगेच निघेल तिथे जावे. अपघातात १०८ ला फोन करावा. २०१४ पासून ही सेवा राज्यभर आहे आणि गाडीत डॉक्टर असतो.

महामार्गालगत राहणाऱ्यांनी कायदाही माहीत करून घ्यावा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. पोलिसांचे कागद नंतर. जखमीला पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

तो हमाल दर महिन्याला तपासणीला येतो. आता गोदामात पावत्या लिहितो. मागच्या खेपेला भावाने खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर तीन रुग्णालयांची नावे, त्यांचे फोन आणि प्रत्येकापुढे ‘ईसीजी आहे’, ‘लस आहे’ अशा नोंदी. गोदामाच्या दारामागेही त्याने तोच कागद चिकटवला आहे. तुमच्या घराच्या दारामागेही असा एक कागद असू द्या.